एका लाईनवर बोलताना दुसरी लाईन बंद पडते: दोन सिमच्या फोनबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मोबाईल हँडसेट उत्पादक कंपनी

विषय: दोन सिमच्या हँडसेटमध्ये एका क्रमांकावर संभाषण चालू असताना दुसरा क्रमांक संपर्काबाहेर जाणे, आणि ही मर्यादा विक्रीपूर्वी न सांगणे

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा दोन सिमचा फोन मी एकाच कारणासाठी घेतला. कामाचा नंबर आणि घरचा नंबर एकाच हँडसेटवर राहावेत, पण एकमेकांत मिसळू नयेत, एवढीच माझी गरज होती. दुकानात फोन दाखवताना आणि आपल्या जाहिरातीतही हीच सोय पुढे केली होती. दोन्ही लाईन कायम चालू राहतील असं मी त्यावरून समजलो, आणि माझ्या जागी कोणीही तसंच समजलं असतं. प्रत्यक्षात एका लाईनवर बोलणं सुरू झालं की दुसरी लाईन बंद पडते आणि ती बंद पडल्याचं मला कुठेही कळत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

मी लिफ्ट देखभालीचं काम करतो. माझ्याकडे ज्या इमारती आहेत, तिथल्या प्रत्येक लिफ्टमध्ये एक स्टिकर लावलेलं असतं आणि त्यावर माझा कामाचा नंबर असतो. कोणी आत अडकलं की पहिला फोन मला येतो. म्हणून या नंबरवर उत्तर मिळणं हा माझ्या नोकरीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

एका संध्याकाळी मी घरच्या नंबरवर आईशी बोलत होतो. तिच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले होते, त्यामुळे बोलणं लांबलं. त्याच वेळी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत एक वयस्कर बाई आणि त्यांची लहान नात होती. रखवालदार मला सारखा फोन लावत होता आणि त्याला दर वेळी हा क्रमांक संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं ऐकू येत होतं. माझ्या फोनवर रिंग वाजली नाही, वेटिंगचा टोन आला नाही आणि आईचा फोन ठेवल्यावर मिस्ड कॉलची नोंदही दिसली नाही. ऑफिसने ग्रुपवर टाकलेला मेसेजही मला त्या वेळात मिळाला नाही, कारण मोबाईल डेटा कामाच्या सिमवर होता आणि घरच्या सिमवर बोलणं चालू असताना तोही थांबला होता. म्हणजे माझ्यापर्यंत पोचण्याचा एकही मार्ग उरला नव्हता, आणि माझ्या हातातल्या स्क्रीनवर मात्र दोन्ही सिमच्या नेटवर्कच्या कांड्या जशाच्या तशा दिसत होत्या.

शेवटी दुसऱ्या भागातल्या सहकाऱ्याने जाऊन दोघींना बाहेर काढलं. दोघी सुखरूप होत्या, हे सांगायला हवं. पण त्या मुलीने अंधारात किती वेळ रडून काढला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. रखवालदाराची समजूत झाली की मी फोन बंद करून बसलो होतो. ऑफिसनेही तेच विचारलं. फोन चालू होता आणि माझ्या हातातच होता, हे मी सांगितलं, पण ते पटवून देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

यानंतर मी आपल्या ग्राहक सेवेशी संपर्क साधला आणि टोलवाटोलवी सुरू झाली. आपले प्रतिनिधी म्हणाले की दोष नेटवर्कचा आहे, सिम कंपनीला विचारा. सिम कंपनीने लाईन तपासली आणि हँडसेट बघून घ्या म्हणून सांगितलं. मग सिम काढून पुन्हा घाला, दोन्ही सिमच्या जागा बदला आणि शेवटी फॅक्टरी रीसेट करा, असे सल्ले आले. रीसेट करून सगळे ॲप आणि सेटिंग नव्याने बसवण्यात माझी सुट्टी गेली आणि फोन होता तसाच राहिला. ज्या गोष्टीचा रीसेटशी काडीचा संबंध नाही, तिच्यासाठी ग्राहकाचा फोन पुसायला लावणं अन्यायाचं आहे. मी ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या एकानेही खरं कारण सांगितलं नाही. त्यांना ते शिकवलेलंच नसावं, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. हा दोष वरच्यांचा आहे.

खरं कारण मी स्वतः वाचून समजून घेतलं. बाजारातल्या बहुतेक दोन सिमच्या फोनांसारखाच आपला हा फोन ‘ड्युअल सिम, ड्युअल स्टँडबाय’ पद्धतीचा आहे. त्यात दोन सिम आहेत, दोन आयएमईआय क्रमांक (हँडसेटची ओळख पटवणारे क्रमांक) आहेत, पण रेडिओ, म्हणजे नेटवर्कशी संपर्क ठेवणारा भाग, एकच आहे. फोन नुसता पडून असतो तेव्हा तो रेडिओ आळीपाळीने दोन्ही नेटवर्कची हाक ऐकत असतो, त्यामुळे दोन्ही नंबर लागतात. एका सिमवर बोलणं सुरू झालं की रेडिओ तिकडे अडकतो. दुसऱ्या नेटवर्कने हाक मारली तरी ऐकायला कोणी नसतं, आणि नेटवर्क समोरच्याला सांगतं की ग्राहक संपर्काबाहेर आहे. कॉल माझ्या फोनपर्यंत पोचतच नाही, म्हणून मिस्ड कॉलही दिसत नाही. एकाच दारावर दोन नावांच्या पाट्या लावल्या म्हणून घरं दोन होत नाहीत. आपण मला दोन पाट्या विकल्या आहेत.

रेडिओ एक ठेवला म्हणून मी आपल्याला दोष देत नाही. किंमत, बॅटरी आणि जागा यांचा हिशोब प्रत्येक उत्पादकाला करावा लागतो. दोन्ही लाईन एकाच वेळी खरोखर चालू ठेवणारी ‘ड्युअल ॲक्टिव्ह’ पद्धतही अस्तित्वात आहे. क्वालकॉमने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या स्नॅपड्रॅगन ८ जेन २ या चिपमध्ये ती सोय आहे. ती महागड्या फोनांत आधी येणार, हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की जे नाही ते नाही म्हणून पैसे घेण्याआधी सांगा.

सांगणारे सांगतात. ॲपलने २०१८ मध्ये आयफोनमध्ये ई-सिमच्या, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमच्या, आधारे दुसरी लाईन आणली. वाय-फाय कॉलिंग, म्हणजे मोबाईल नेटवर्कऐवजी वाय-फायवरून कॉल घेण्याची सोय, नसेल तर एका नंबरवर बोलत असताना दुसऱ्या नंबरवर आलेला कॉल व्हॉइसमेलकडे जाईल आणि मिस्ड कॉलची सूचना मिळणार नाही, असं त्यांच्या मदतपानावर साध्या शब्दांत लिहिलेलं आहे. ते वाचणारा माणूस निदान ठरवू शकतो की हा फोन आपल्या कामाचा आहे की नाही. आपल्या खोक्यावर, माहितीपत्रकात आणि संकेतस्थळावर मला असं एकही वाक्य सापडलं नाही. बारीक अक्षरांतही नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या तंत्रज्ञांपर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं. घरी दोन्ही लाईनचं वाय-फाय कॉलिंग चालू करून मी तपासून पाहिलं. घरच्या नंबरवर बोलत असताना सहकाऱ्याला कामाच्या नंबरवर फोन करायला सांगितलं, आणि कॉल वेटिंगमध्ये व्यवस्थित आला. याचा अर्थ रेडिओ अडकलेला असला तरी इंटरनेटच्या वाटेने दुसरी लाईन जिवंत राहू शकते. आता हीच वाट मोबाईल डेटावरूनही काढता येते. ज्या सिमवर बोलणं चालू आहे त्याच्या डेटावरून दुसऱ्या सिमचा कॉल घेण्याची सोय काही फोनांत आलेली आहे. त्यासाठी सिम कंपनीची साथ लागते हे खरं, पण सुरुवात हँडसेटच्या सॉफ्टवेअरमधूनच करावी लागते. माझ्या फोनमध्ये तशी सेटिंग नाही. मी लिफ्टच्या मशीन रूममध्ये किंवा रस्त्यावर असतो तेव्हा वाय-फाय कुठून आणू? ही सोय सॉफ्टवेअर अपडेटमधून देता येत असेल, तर ती द्यायलाच हवी.

दरम्यान एका सहकाऱ्याने उपाय सुचवला, की कामाचा नंबर ‘नॉट रीचेबल’ असेल तेव्हा कॉल घरच्या नंबरवर फॉरवर्ड होईल असं लावून ठेव. मी तसं केलं. आता घरच्या नंबरवर बोलत असताना कामाचा कॉल त्याच लाईनवर वेटिंगमध्ये येतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासाठी हे चांगलंच झालं, आणि हा साधा उपायसुद्धा आपल्या ग्राहक सेवेने मला सांगितला नाही, याची मला खंत आहे. पण त्याने दोन लाईन वेगळ्या ठेवण्याचा मूळ हेतूच बुडतो. असा आलेला कॉल घरच्या सिमच्या नोंदीत दिसतो. घाईत मी त्या नोंदीवरूनच उलट फोन केला की समोरच्याकडे माझा घरचा नंबर जातो. त्याहून वाईट म्हणजे, माझी ड्युटी संपल्यावर मी कामाचं सिम बंद केलं की नेटवर्कच्या दृष्टीने तो नंबर ‘नॉट रीचेबल’च असतो. मग रात्रपाळीच्या माणसाकडे जायला हवेत ते कॉल माझ्या घरच्या नंबरवर येऊन धडकतात. रोज संध्याकाळी फॉरवर्डिंग काढायचं आणि सकाळी परत लावायचं, असं सध्या चाललं आहे.

ड्युटी संपल्यावर कामाचा फोन गप्प राहावा, ही चैन आहे असं कृपया समजू नका. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काचा कायद्यात समावेश आहे. ऑस्ट्रेलियात तसा हक्क ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. जगभर लोक ज्या गोष्टीसाठी कायदे करून घेत आहेत, तिच्यासाठी आपल्या फोनमध्ये एक साधी सेटिंग नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं की दोन्ही लाईन गप्प होतात, म्हणजे आईचा फोनही वाजत नाही. सिमच बंद केलं तर त्या नंबरवर येणारे ओटीपी मिळेपर्यंत त्यांची मुदत संपलेली असते. मला हवं आहे ते इतकंच: ठरावीक वेळेनंतर एका लाईनचा आवाज बंद व्हावा, कॉलची नोंद राहावी आणि दुसरी लाईन नेहमीसारखी चालावी.

अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल २०१४ पासून आहे. त्यात कामाचे ॲप वेगळे राहतात आणि एका बटणावर थांबवता येतात. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये एकाच अँड्रॉइड फोनवर दोन खाती ठेवायची सोय दिली. ॲपमध्ये हे जमतं, आणि फोनच्या मूळ कामात, म्हणजे कॉलमध्ये, जमत नाही, हे मला पटत नाही.

बाहेर जाणाऱ्या कॉलचीही अडचण आहे. ‘दर वेळी सिम विचारा’ ही सेटिंग स्क्रीनवरून डायल करताना पाळली जाते. ब्लूटूथ हेडसेटवरून रीडायल केलं की फोन काहीही न विचारता घरच्या सिमवरून कॉल लावतो. माझे दोन्ही हात शाफ्टमध्ये गुंतलेले असतात, तेव्हा हेडसेटशिवाय पर्याय नसतो. अशा रीतीने माझा घरचा नंबर अनेक इमारतींच्या ऑफिसांत पोचला आहे आणि एकदा गेलेला नंबर परत घेता येत नाही. शिवाय मागच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर सिमच्या सगळ्या निवडी मूळपदावर गेल्या होत्या आणि त्याची सूचनाही आली नाही.

आपल्या एका प्रतिनिधीने मला दोन फोन बाळगायचा सल्ला दिला. दोन फोन बाळगायचे असते तर मी दोन सिमचा फोन घेतला नसता.

माझ्या मागण्या अशा आहेत. या मॉडेलच्या खोक्यावर आणि संकेतस्थळावर, सिमची माहिती जिथे दिली आहे तिथेच, एका लाईनवर बोलत असताना दुसरी लाईन लागणार नाही हे स्पष्ट मराठीत आणि इतर भाषांत लिहावं. जे ग्राहक हा फोन आधीच वापरत आहेत, त्यांना हीच माहिती फोनवर सूचना पाठवून द्यावी, कारण माझ्यासारखे डॉक्टर, नर्स, विजेची कामं करणारे, रुग्णवाहिकेचे चालक असे कितीतरी जण याच भरवशावर असतील आणि आपला नंबर मधूनमधून बंद पडतो हे त्यांना माहीतही नसेल. मोबाईल डेटावरून दुसरी लाईन चालू ठेवण्याची सोय या हँडसेटमध्ये देता येईल की नाही, आणि देता येत असेल तर कधी, याचं स्पष्ट उत्तर तंत्रज्ञांकडून मिळावं. एका लाईनपुरता आवाज बंद करण्याची सोय आणि हेडसेटवरून कॉल लावताना सिम ठरवण्याची सोय पुढच्या अपडेटमध्ये द्यावी. ग्राहक सेवेतल्या लोकांना या पद्धतीचं प्रशिक्षण द्यावं, म्हणजे यापुढे कोणाला विनाकारण फॅक्टरी रीसेट करावा लागणार नाही.

डेटावरून लाईन चालू ठेवण्याची सोय या फोनमध्ये देणं शक्य नसेल, तर हँडसेट परत घेऊन माझी पूर्ण रक्कम द्यावी. दुरुस्ती किंवा त्याच मॉडेलचा बदली फोन मला नको, कारण माझ्या फोनमध्ये काही बिघडलेलं नाही. तो जसा बनवला आहे तसाच चालतो आहे.

उत्तर लेखी द्यावं आणि त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा असावा, ही विनंती. आधीच्या तक्रारींवर आलेले ‘आपली समस्या सोडवली आहे’ असे मेसेज मी जपून ठेवले आहेत. वाजवी वेळेत उत्तर आलं नाही, तर हीच कागदपत्रं घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाणार आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या बिलाची प्रत, दोन्ही आयएमईआय क्रमांक, ग्राहक सेवेशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती, आणि त्या संध्याकाळच्या कॉल नोंदीची रखवालदाराने दिलेली प्रत