गज्या, ते मासळीचं गाव अन् आपला तलाव

प्रिय गज्या,

तब्येत बरी, गुडघा चालूच आहे. हे फोनवर सांगता येत नाही म्हणून लिहून राहिलो.

परवा भाच्यानं आइसलँडच्या द्यूपाविक गावाचा व्हिडिओ दाखवला, अन् त्याच दिवशी आपल्या मोहल्ल्यातलं आणखी एक घर हैदराबादला गेलं, तेव्हापासून डोक्यात तेच. तिथं १९१७ मध्ये एकानं हेरिंग मासा मिठात भरायचा धंदा मांडला अन् दिवाळं काढलं. तरी १९३५ मध्ये तिथंच दुसऱ्यांनी मासळीचं तेल अन् कूट काढायचा कारखाना सुरू केला (तुह्यासारखेच, कोंबड्या मेल्या की पुन्हा कोंबड्या!). तेव्हा आइसलँडमधली सगळ्यात मोठी काँक्रीटची इमारत. मजुरांले राहायला सुदुरलान्द नावाचं जुनं जहाजच किनाऱ्याला लावलं, त्याचा गंजका सांगाडा अजून पडून आहे. काही वर्षं पैसाच पैसा, मग १९४४ नंतर हेरिंग घटत गेली, १९५४ ला कुलूप. मासाच आला नाही बे!

आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात पाणी आहे, पण बेशरमीची झुडपं इतकी माजली की जाळं टाकायला जागा नाही, अन् गाळ तर विचारूच नको. मरळ, दाडक दिसत नाही, सारं रोहू-कटल्याच्या बीजावर, बीज मेलं की वर्ष गेलं. आता आपल्या मच्छीमार सोसायटीतले अर्धे म्हणतात तलाव ठेकेदाराले देऊन टाका, घरबसल्या पैसा येईल. मी म्हणलं मग आपण मासे धरणारे ढिवर कायचे, तर भिक्या म्हणे तूच काढ मग गाळ. जाळ्याच्या भांडणात तू त्याच्याच बाजूनं बोलला होता, विसरलो नाही मी.

भाचा म्हणे मामा, तिथं १९८५ ला बायांच्या वसतिगृहात हॉटेल काढलं, लोक तो बंद कारखाना पाहायला जातात. जात असतील. बेशरम पाहायला आपल्याकडं कोण येईल? अन् लोक आले म्हणून मासळी थोडीच येते. मले वाटते या उन्हाळ्यात वरच्या अंगाची बेशरम मुळासकट उपटावी, पाण्यातली गवतं लावावी, मरळीले अंडी घालायला आडोसा तर पाहिजे. पण चार माणसं लागतात, अन् असलेले चारही बॅग भरून बसले.

पोरीचं अॅडमिशन झालं काय? वहिनीले नमस्कार सांग. कंपनीत पगार वाढवला म्हणे, पार्टी बाकी आहे.

मंगळवारी मीटिंग आहे, सभासदांच्या यादीत तुहं नाव अजून आहे, तवा हात वर करायला ये. येताना नायलॉनचा दोरा आण, मागच्या वेळचे पैसे मागू नको.

तुहा,
दिन्या