लीख, ऊ आणि सोसायटीचा हिशेब

महोदय,

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी एवढेच विचारले, की टाकी सफाईचे बिल दोनदा कसे लागले? 'काका, निटपिकिंग नको,' असे उत्तर आले आणि विषय संपला.

हा शब्द हल्ली ऑफिसातून घराघरांत पोचला आहे. त्यातला 'निट' म्हणजे लीख, उवेचे अंडे. ते केसाला मुळाजवळ असे चिकटते की साध्या कंगव्याला दाद देत नाही. बारीक दातांची फणी फिरवावी लागते, नाहीतर एकेक लीख नखांच्या चिमटीत धरून ओढावी लागते. ओसरीवर नातीला पुढ्यात घेऊन बसलेली आजी आमच्या पिढीने पाहिली आहे. (तिला कोणी हिणवल्याचे आठवत नाही!) अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास याच कामावरून क्षुल्लक चुका वेचणाऱ्याला टोमणा मारू लागले. आपल्याकडे त्यासाठी 'खुसपट काढणे' आहे, 'शब्दाचा कीस पाडणे' आहे.

इतिवृत्तातल्या 'दुरुस्ती'चा रु ऱ्हस्व की दीर्घ, यावर कोणी पंधरा मिनिटे घेतली तर ते निटपिकिंग. आमच्याकडे ते झालेही, आणि मीच केले होते, हे कबूल. पण एकाच कामाचे पैसे दोनदा गेले असतील तर ती लीख नव्हे, चांगली टपोरी ऊ आहे. खजिनदारांनी पावती अजून दाखवलेली नाही.

— एक सभासद, ठाणे (पश्चिम)