१०८ वरच्या डॉक्टर मॅडम, त्या रात्री गाडी थांबवलीत म्हणून

नमस्कार मॅडम, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून इथं लिहितोय, कुणी ओळखत असेल तर एवढं त्यांच्यापर्यंत पोचवा.

अण्णा रात्रीच्या लाईटीला उसाला पाणी पाजायला गेलेले, आले ते पोट धरूनच. आम्हाला वाटलं पित्त, इनो दिला, उलटी झाली आणि दरदरून घाम सुटला तेव्हा १०८ ला फोन लावला. शेजारच्या काकांनी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणलेली, तुम्ही आधी बीपी बघितलं आणि म्हणालात थांबा, आत्ता नको. ॲस्पिरीन तेवढी चावून खायला लावली.

२०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या आणि त्यातल्या २३३ च ॲडव्हान्सवाल्या होत्या, आमच्या नशिबानं आली ती ईसीजीचं मशीन असलेलीच. घामानं ते छातीवरचे स्टिकर टिकेनात, तुम्ही अण्णांच्याच पंच्यानं छाती पुसून पुसून परत चिकटवलेत. असळजच्या पुढं रेंज आली तसा कोल्हापूरला पाठवायला ईसीजीच्या पट्टीचा फोटो काढला तर गाडीच्या हिसक्यानं हलला, दुसऱ्यात लाईट चमकली. मग तुम्ही ड्रायव्हर दादांना म्हणालात, "दोन मिनिटं साईडला घ्या." तेव्हा मी तुमच्यावर ओरडलो मॅडम, आधी दवाखाना गाठा की, फोटो काय काढत बसलाय म्हणून. त्याची मनापासून माफी मागतो. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पट्टी फाईलवर सपाट धरून परत फोटो काढलात आणि पाठवलात.

तिकडनं कोल्हापूरच्या हार्टच्या डॉक्टरांचा लगेच फोन, हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक दिसतोय, छातीच्या उजवीकडं स्टिकर लावून तिकडचा ईसीजी पण काढून पाठवा. तो पाठवल्यावर कळलं की हृदयाच्या उजव्या बाजूलाही मार बसलाय, सॉर्बिट्रेट दिली असती तर बीपी आणखी खाली गेलं असतं. हे मला नंतर डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं तेव्हा हातपाय गार पडले माझे.

कळे मागं पडलं तोवर तिकडं कॅथलॅबची, म्हणजे हृदयाची नस उघडतात त्या खोलीतली, माणसं उठवलेली होती. दारात पोचलो तर स्ट्रेचर तयार, कॅज्युअल्टीत परत पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागलं नाही, अण्णांना सरळ आत घेतलं, बंद पडलेली नस उघडली आणि स्टेंट टाकली. ती दोन मिनिटं थांबलो म्हणून पुढचा किती वेळ वाचला हे मला आत्ता कळतंय.

अण्णा आता बांधापर्यंत चालत जातात, रात्रीचं पाणी मी बघतो. तुमची ती ईसीजीची पट्टी फाईलला आहे, कोपऱ्यात तुमच्या अक्षरात वेळ लिहिलीय, २:५२. प्रत्येक तपासणीला डॉक्टर ती मागतात, नवीन ईसीजी शेजारी धरून बघतात. पण तो कागद फिका पडत चाललाय, म्हणून कालच दोन झेरॉक्स काढून आणल्यात.