माझ्या जबड्यात कोणत्या कंपनीचा स्क्रू आहे?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या तोंडात माझा स्वतःचा एकही दात उरलेला नाही. वर साधी कवळी आहे. खालच्या जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे चार इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसवलेले स्क्रूसारखे खुंट, आहेत आणि त्यांवर अख्खी दंतपंक्ती स्क्रूने कसलेली आहे. सहा वर्षं सगळं उत्तम चाललं. मग एकदा जेवताना टिक् असा आवाज झाला आणि उजवीकडचे दात जिभेला किंचित हलताना लागले.

स्क्रू सैल झाला होता. काम तसं फुटकळ. दातावरचं बुजवलेलं भोक उघडायचं, स्क्रू कसायचा, पुन्हा बुजवायचं. पण ज्या दवाखान्यात हे बसवलं तो बंद झालेला, फोन कुणी उचलेना. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कोणती सिस्टिम आहे?" मी म्हटलं, "चार इम्प्लांटवाली." बिचाऱ्यांनी हसू दाबलं. त्यांना कंपनीचं नाव हवं होतं, आणि ते मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी एक्स-रे काढला आणि पडद्याला नाक लावून बसले. इम्प्लांटच्या आट्यांची ठेवण, टोकाचा आकार, मानेची रचना बघून कंपनी ओळखायचा प्रयत्न चालला होता. जगात इम्प्लांटच्या शेकडो सिस्टिम आहेत. कुणाच्या स्क्रूची खाच षट्कोनी, कुणाची चौकोनी, कुणाची चांदणीसारखी. पहिला स्क्रूड्रायव्हर बसला नाही. दुसरा बसल्यासारखा वाटला, पण फिरवताच निसटला आणि खाच थोडी घासली गेली. तिसऱ्याने काम झालं. वीस मिनिटांच्या कामासाठी मी तीन चकरा मारल्या, आणि घासलेली खाच पुढच्या वेळी दगा देणार हे डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगून टाकलं.

महोदय, उपचाराबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मी बारा वर्षं खालची कवळी वापरली आहे. वरची कवळी टाळूला चिकटून तरी राहते. खालच्या कवळीला घोड्याच्या नालाएवढीच जागा, त्यात जीभ तिला सतत उचलून देणार. शिवाय दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, आणि खालचं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त झिजतं. म्हणून पहिल्या वर्षी घट्ट बसलेली कवळी पुढे डुगडुगायला लागते. शिंक आली की आधी हात तोंडावर जातो, तो शिष्टाचार म्हणून नव्हे. कुणापुढे दाताच्या कण्या करायच्या म्हटलं तरी आधी दात जागेवर हवेत.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरच्या प्रयोगात दिसलं. सशाच्या हाडात बसवलेलं उपकरण काढायला गेले तर ते निघेचना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. त्या माणसाचं नाव योस्टा लार्सन. २००६ मध्ये लार्सन यांचं निधन झालं तेव्हा, म्हणजे चाळीस वर्षांनंतरही, ते इम्प्लांट कामात होते. पुढे पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी चार इम्प्लांटवर पूर्ण दंतपंक्ती पेलण्याची पद्धत रुळवली. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरपे. तिरपे बसवल्यामुळे खालच्या जबड्यातली नस आणि वरच्या जबड्यातली सायनसची पोकळी टळते, आणि बऱ्याच रुग्णांना वेगळं हाड भरावं लागत नाही.

म्हणजे ही वस्तू माणसाच्या हाडात पंचवीस-तीस वर्षं राहू शकते. दवाखाने तेवढे टिकत नाहीत. डॉक्टर निवृत्त होतात, कंपन्या विकल्या जातात, रुग्ण गाव बदलतो. पेसमेकर बसवलेल्या माणसाला खिशात ठेवायला कार्ड देतात. स्वीडनमध्ये १९७९ पासून कृत्रिम खुब्यांची देशभराची नोंदवही आहे. आणि माझ्या जबड्यातल्या चार स्क्रूंची ओळख पटवायला एक्स-रेवर कोडं सोडवावं लागतं.

माझी मागणी एवढीच आहे. इम्प्लांट बसवणाऱ्या प्रत्येकाने रुग्णाच्या हातात कार्ड देणं कायद्याने बंधनकारक करा. त्यावर कंपनी, मॉडेल, प्रत्येक इम्प्लांटचा व्यास आणि लांबी, लॉट नंबर, बसवल्याची तारीख, वरच्या जोडभागाचा आणि स्क्रूचा प्रकार हे सगळं हवं. यातली बहुतेक माहिती इम्प्लांटच्या पाकिटावरच्या स्टिकरवर छापलेली असते. तो स्टिकर सोलून कार्डावर चिकटवायचा, याला नवं खातं उघडावं लागत नाही. त्याची एक प्रत सरकारी नोंदवहीत गेली तर कोणत्या इम्प्लांटची तक्रार वारंवार येते हेही तुमच्या खात्याला कळेल. आज ते जाहिरातींवरून ठरतं.

जाहिरातींचं निघालंच आहे तर, 'एका दिवसात दात' हे वाक्य अर्धंच खरं आहे. त्या दिवशी मिळतात ते बहुधा ॲक्रिलिकचे तात्पुरते दात. हाड इम्प्लांटला धरायला तीन ते सहा महिने घेतं, आणि तोवर मऊच खायचं असतं. पक्की दंतपंक्ती त्यानंतर येते. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह असेल तर धोका वाढतो. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतीची हिरडी सुजून हाड खाल्लं जाऊ शकतं, म्हणून बारीक ब्रशने खालून रोज साफसफाई आणि ठरावीक काळाने तपासणी जन्मभर चुकत नाही. हे सगळं मला शस्त्रक्रियेनंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी होच म्हटलं असतं, पण डोळे उघडे ठेवून.

सगळ्यांना चार इम्प्लांट द्या, असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे २३ टक्के माणसांचं तोंड पूर्ण बोळकं आहे. एवढ्यांना कुठलंच सरकार दंतपंक्ती कसून देऊ शकणार नाही. पण २००२ मध्येच कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा पहिला पर्याय असावा. दोन इम्प्लांट, वर बटणासारखी पकड, कवळी रात्री काढून धुता येते. सरकारी दंत रुग्णालयांत सुरुवात तिथून करता येईल. मात्र पहिल्या रुग्णापासून कार्डासकट, नाहीतर माझ्यासारखे आणखी काही हजार तयार होतील.

नव्या डॉक्टरांनी मला एका कागदावर माझं कार्ड हाताने लिहून दिलंय. ते मी पाकिटात ठेवतो. कंपनीच्या नावापुढे 'बहुधा' असं लिहिलंय आणि लॉट नंबरच्या रकान्यात प्रश्नचिन्ह आहे.

आपला,
चार इम्प्लांटवाला एक नागरिक