लॉन चालतं, हॉस्पिस चालत नाही

महोदय,

कालच्या अंकात आमच्या ले-आऊटच्या रहिवाशांचं निवेदन फोटोसकट वाचलं. फोटोतले निम्मे चेहरे ओळखीचे, त्यामुळे चहा कपातच राहिला. आमच्याकडे होऊ घातलेलं हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत सेवा करणारी जागा, निवासी वस्तीत नको, कारण संसर्ग पसरेल, मुलांच्या मनावर परिणाम होईल, रोज अंत्ययात्रा निघतील आणि प्लॉटचे भाव पडतील. पहिली तीन कारणं चौथ्याला सोबत म्हणून दिलेली दिसतात.

संसर्गाचं म्हणाल तर कॅन्सर कंपाउंडवरून उडी मारून येत नाही. तो कुठून येतो हे पाहायचं असेल त्यांनी संध्याकाळी ले-आऊटच्या तोंडावरच्या पानठेल्यावर उभं राहावं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होत असतो आणि निवेदनावर सही करणारी काही मंडळी तिथेच हजर असतात. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली, ठेला त्याच्याही आधीपासून आहे. त्याच्याविरुद्ध निवेदन गेल्याचं ऐकिवात नाही.

माझे थोरले बंधू याच ले-आऊटमध्ये, माझ्या घरी गेले. जबड्याचा कॅन्सर, खर्र्याचाच. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे सांगायला तिथे कोणालाच वेळ नव्हता. गालाची जखम बाहेरून उघडी पडली होती. तिचा वास पडद्यांना, चादरींना धरायचा. नाकातल्या नळीतून वरणाचं पाणी द्यायचो. शेजारून निरोप आला, की त्या बाजूची खिडकी बंद ठेवता का. ठेवली. मे महिना, गाव नागपूर आणि कूलर नेमका त्याच खिडकीला!

पुढे ओळखीतून एक सिस्टर घरी यायला लागल्या. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून ती पूड जखमेवर कशी टाकायची, हे त्यांनी आल्या आल्या दाखवलं. अगदी साधी, स्वस्त गोळी. दोन-चार दिवसांत वास आटोक्यात आला, खिडकी उघडली. एवढ्या मोठ्या दवाखान्यात एवढे पैसे मोजले, तिथे हे कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. मॉर्फिनची गोळी दुखणं सुरू व्हायची वाट न पाहता दर चार तासांनी द्यायची आणि तिने पोट धरतं म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

पण गोळी मिळायला हवी ना. शनिवारी संध्याकाळी मॉर्फिनच्या गोळ्यांची पट्टी संपत आली आणि रविवारी दवाखान्याची औषधाची खिडकी बंद. धंतोली, रामदासपेठेत मेडिकलच्या दुकानांना तोटा नाही. "काका, ही गोळी आमच्याकडे नाही राहत," हे उत्तर मात्र सगळीकडे एकच. एकाने तर चिठ्ठी उलटसुलट करून मला असं न्याहाळलं, जणू मलाच नशा करायची होती. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून संसदेने २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती केली. दादांचं हे त्याच्या कितीतरी नंतरचं. ती रात्र त्यांनी पलंगाचा दांडा धरून काढली. हॉस्पिस असतं तर तिथल्या कपाटात गोळी असती, बस्स. तिथे ना व्हेंटिलेटर, ना आयसीयू. जखम धुणारे हात असतात, रात्री दोनलाही औषध मिळतं आणि घरच्यांना डोळा लावता येतो.

शहरात स्नेहांचल हे हॉस्पिस आहे, नाही असं नाही. पण गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचा पेशंट शेवटी नागपूरच गाठतो. आणखी एक झालं तर गर्दी होणार नाही.

राहिला मुलांच्या मनाचा प्रश्न. दादांचं बोलणं बंद झालं होतं, ते पाटीवर लिहीत. हात कापायचा, ते अक्षर आम्हा मोठ्यांना लागत नसे. सहावीतला माझा नातू घडाघडा वाचून दाखवायचा. तो आता इंजिनिअरिंगला आहे. मनावरचा परिणाम अद्याप दिसलेला नाही, दिसल्यास निवेदनकर्त्यांना कळवीन.

आणि प्लॉटचे भाव! मुंबईत बांद्र्याला, माउंट मेरीजवळ, १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्यापायी बांद्र्यातली जागा स्वस्त झाली असेल तर कृपया पत्ता द्या, मी आजच बयाणा देतो. इतकं लांब कशाला? दादांना आमच्याच गल्लीतून मानेवाडा घाटावर नेलं. पुढच्याच वर्षी लगतचा प्लॉट विकला गेला तो चढ्या भावाने. विकणारे गृहस्थ तुमच्या फोटोत पुढच्या रांगेत आहेत.

आता ज्याच्यामुळे झोप उडते त्याबद्दल. ले-आऊटच्या मागे जे लॉन आहे, तिथे लग्नसराईत रात्री दहानंतरही डीजे चालतो. दहाला लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालचा आहे. खिडकीच्या काचा थरथरतात, वराती आमच्या गेटसमोर नाचतात, गाड्या तर फाटकाला चिकटून लावतात. दादांच्या खाटेपर्यंत तो धमधमाट यायचा. विनंती करायला गेलो तर मॅनेजर म्हणाला, "काका, लोकायच्या आनंदाचा दिवस आहे." तेव्हा सोबत यायला या निवेदनवाल्यांपैकी एकही तयार नव्हता, कारण प्रत्येकाला पोरीच्या लग्नात तिथेच सवलत हवी होती.

या लॉनबद्दल मागे आपल्याला पत्र पाठवलं होतं. आपण ते छापलंत, आभार, पण अर्धं कापून, आणि कापलं तेही लॉनचंच. त्याच पानावर खाली लॉनची जाहिरात होती, हा योगायोग असावा. या खेपेला जागा कमी पडली तर बांद्र्याचं काढा, माझ्या नातवाचं काढा. रविवारच्या गोळीचं तेवढं राहू द्या, मेडिकलवाले पेपर वाचतात.

आपला,
एक वाचक, बेसा रोड, नागपूर
(नाव छापू नये, शेजारी राहायचं आहे.)