आधी फेरिटिन तपासा, मग लोहाची गोळी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लोहावरचा लेख वाचला. गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढई, वरून लिंबू, इथवर ठीक. पण 'थकवा वाटत असल्यास लोहाची गोळी सुरू करावी' हे वाक्य तुम्ही छापलंच कसं?

माझ्या यजमानांचं हिमोग्लोबिन कायम अकराच्या आसपास. रक्तपेशी लहान आणि फिकट दिसल्या, एवढ्यावरून लोह कमी असं ठरलं आणि गोळी सुरू झाली. चार वर्षं त्यांनी ती सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घेतली. भांडी बाजारातून लोखंडी कढई मीच आणली. हिमोग्लोबिन होतं तिथंच. गेल्या दिवाळीत छातीत धडधडायला लागलं, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ताची तपासणी) करायला लावलं. आलं ७८०, म्हणजे साठा कितीतरी जास्त! पुढच्या तपासणीत थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष, निघाला. पेशी जन्मापासूनच लहान, लोह कधी कमी नव्हतंच. चार वर्षांत एवढं कुणाच्याच लक्षात येऊ नये?

कोलेस्टेरॉल मात्र आम्ही दर सहा महिन्यांनी तपासत होतो आणि रिपोर्ट नॉर्मल बघून निर्धास्त होतो. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, हे तेव्हा कळलं. रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम जातं, बाकीचं यकृतात साठतं, फार वाढलं तर हृदयातही. शिवाय मोकळं लोह वाईट कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडेशन घडवतं आणि तसलं कोलेस्टेरॉल धमन्यांच्या भिंतींत जास्त रुतून बसतं. फिनलंडमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेरिटिन २०० च्या वर असलेल्या पुरुषांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसं आढळलं नाही, आणि यजमानांची धडधड लोहामुळेच होती असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण नको असलेलं लोह चार वर्षं पोटात गेलं, ते गेलंच ना!

गरोदर बायकांनी, अशक्त मुलींनी दिलेली गोळी बंद करावी असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांना ती हवीच. पण साठीच्या पुरुषाला ती तपासणीशिवाय सुचवू नका. येत्या पुरवणीत दुरुस्ती छापा, तीही ठळक.

आणि हिरव्या रंगावर पांढरी बारीक अक्षरं छापणं कृपया थांबवा. हा लेख मला नातीकडून वाचून घ्यावा लागला.

एक जुनी वाचक,
इंदिरानगर, नाशिक