वाऱ्याचं खेळणं, गावाचं हसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘लूदिब्रिया’ हा लॅटिन शब्द स्त्रीलिंगी एकवचनी धरून त्याचा अर्थ ‘टिंगल’ दिला होता. शेवटचा ‘आ’ फसवतो खरा, पण हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. एकवचन ‘लूदिब्रिउम’. आपलं ‘हसं’ही नपुंसकलिंगीच, तेव्हा मराठी माणसाने तरी इथे अडू नये.

मूळ शब्द ‘लूदुस’, म्हणजे खेळ. ‘रीदेरे’ (हसणे) हा धातू वेगळा. शिमग्यात संकासूर पोरांमागे लागतो तो लूदुस. त्यात भेदरलेल्या पोराचं जे होतं ते लूदिब्रिउम. पण हसणारा कुणी हवाच असंही नाही. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात नायक ईनिअस भविष्य सांगणाऱ्या सिबिलला विनवतो, भविष्य पानांवर लिहू नकोस, ती वाऱ्याची ‘लूदिब्रिया’ (खेळणी) होऊन उडतील. तिथे ‘टिंगल’ कशी बसवणार? मतलई वारा सुटला की अंगणभर फिरणारा पाचोळा आठवा.

खरी मेख चतुर्थी विभक्तीत आहे. ‘मीलितेस होस्तिबुस लूदिब्रिओ सुंत’ म्हणजे सैनिक शत्रूच्या थट्टेचा विषय झाले आहेत. यात चतुर्थ्या दोन: ‘होस्तिबुस’ कुणाला ते सांगते, ‘लूदिब्रिओ’ कशाला ते. ‘मला मदतीला ये’ असं आपण बोलतोच की! सैनिक अनेक असले तरी ‘लूदिब्रिओ’ एकवचनीच राहतं. चूक होते ती अशी: तृतीया-पंचमीचं काम करणाऱ्या विभक्तीचं रूपही ‘लूदिब्रिओ’च, म्हणून विद्यार्थी ‘थट्टेने’ लिहून मोकळा होतो. अशा वेळी आधी क्रियापद पाहावं. ‘असणे’ या अर्थाचं असेल आणि शेजारी माणसाची चतुर्थी असेल, तर ‘थट्टेचा विषय’ घ्यावा. ‘लूदिब्रिओ हाबेरे’ला तर तयार मराठी आहे: थट्टेवारी नेणे.

‘ब्रिउम’ हा प्रत्यय डॉक्टर मंडळींच्या ओळखीचा. उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) वरच्या भागाला ते मॅन्युब्रियम म्हणतात. मूळ अर्थ हत्याराची मूठ, ‘मानुस’ (हात) पासून.

उच्चारात ‘लू’ दीर्घ, आणि ‘द’ दाताचा. पुरवणीतला ‘ड’ इंग्रजीतून आलेला.

आपले,
लॅटिनचे काही अभ्यासक, वेंगुर्ले